पंचाविना सामना : अल्टिमेट फ्रिस्बीत निकाल कोण देतो?

घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवलीच्या सोसायटीच्या आवारात ज्यांचे बालपण गेले, त्यांना पंचाविना खेळ ही कल्पना नवी नाही. तेथील क्रिकेटमध्ये पंच म्हणून उभा राहतो तो फलंदाजी करणाऱ्या संघाचाच एक गडी, बहुधा लवकर बाद झालेला आणि म्हणून रिकामा असलेला. त्याच्या निःपक्षपातीपणावर कोणाचाच विश्वास नसल्याने पायचीतचा नियम मुळातच रद्द केलेला असतो. धावबादवरून वाद पेटला आणि दोन्ही बाजू मागे हटेनात, तर शेवटचा तोडगा ठरलेला : तो चेंडू पुन्हा टाकायचा. वाद मिटतो, सत्य काय होते ते कोणालाच कळत नाही, आणि अंधार पडण्यापूर्वी सामना पूर्ण होतो.

याच तोडग्यावर एक आंतरराष्ट्रीय खेळ उभा आहे, आणि त्याच्या जागतिक स्पर्धांचे अंतिम सामनेही याच पद्धतीने खेळले जातात. 'अल्टिमेट' असे त्याचे अधिकृत नाव. 'फ्रिस्बी' हे व्हॅम-ओ या अमेरिकी खेळणी कंपनीचे व्यापारी नाव असल्याने संघटना ते टाळतात. बोलताना मात्र सगळे अल्टिमेट फ्रिस्बी असेच म्हणतात. भारतात चेन्नई, बंगळुरू, अहमदाबाद, मुंबई अशा शहरांत हा खेळ रुजला तो प्रामुख्याने समुद्रकिनारे, महाविद्यालये आणि तरुण नोकरदारांच्या गटांतून. खेळ वाढू लागला की जगभर जो प्रश्न उभा राहतो, तो येथेही टळणारा नाही : सामन्यात पंच असावा की खेळाडूंनीच निर्णय करावेत?

आधी खेळ थोडक्यात. दोन्ही बाजूंना प्रत्येकी सात खेळाडू. मैदान १०० मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद. दोन्ही टोकांना १८ मीटरचे गोलक्षेत्र. तबकडी हातात असलेल्या खेळाडूला धावता येत नाही. एक पाय जमिनीवर रोवून त्याने ती सहकाऱ्याकडे फेकायची. समोरचा बचावपटू मोठ्याने दहापर्यंत अंक मोजतो. तेवढ्यात तबकडी हातातून सुटली नाही तर ताबा प्रतिस्पर्ध्यांकडे जातो. तबकडी जमिनीवर पडली, सीमेबाहेर गेली किंवा मध्येच अडवली गेली तरीही तेच. गोलक्षेत्रात तबकडी झेलली की एक गुण. सामना साधारणपणे १५ गुणांचा. वाळूवरच्या प्रकारात पाच-पाच खेळाडू असतात आणि मैदान ७५ मीटर बाय २५ मीटरचे असते. उपनगरांतील तासावर भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर तेवढीही जागा नसते, त्यामुळे तेथे नियमांना मुरड घालूनच खेळावे लागते.

शारीरिक धक्काबुक्कीला या खेळात परवानगी नाही. पण धावत्या दोन खेळाडूंनी एकाच तबकडीसाठी उडी मारली की धक्का लागतोच. तो कोणी दिला, हे ठरवायचे कोणी?

नियमाचे उत्तर असे : ज्याला धक्का लागला, त्याने स्वतः 'फाऊल' असे पुकारायचे. खेळ थांबतो. समोरच्याला मान्य असेल तर झेल घेऊ पाहणाऱ्याला तबकडी मिळते. मान्य नसेल तर त्याने 'कॉन्टेस्ट' म्हणायचे, म्हणजे हरकत घ्यायची. दोघांनी थोडक्यात आपली बाजू मांडायची, ज्याला सर्वांत स्पष्ट दिसले असेल त्याला विचारायचे आणि तरीही एकमत झाले नाही तर तबकडी फेकणाऱ्याकडे परत जाते. ती फेक झालीच नाही असे समजले जाते. सोसायटीच्या आवारातला पुन्हा टाकलेला चेंडू तो हाच. फरक इतकाच, की येथे तो छापील नियमात आहे आणि त्याच्यामागे एक गृहीतक आहे : कोणीही खेळाडू जाणूनबुजून नियम मोडत नाही. म्हणूनच या नियमांत शिक्षा अशी जवळजवळ नाहीच. चुकीमुळे जे बिघडले ते पूर्ववत करायचे आणि पुढे खेळायचे.

इतर खेळांत याच्या नेमका उलटा हिशेब चालतो. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात उरुग्वेच्या लुईस सुआरेझने घानाचा निश्चित गोल गोलरेषेवर हाताने अडवला. त्याला लाल कार्ड मिळाले, घानाला पेनल्टी मिळाली, ती हुकली आणि पुढे उरुग्वे जिंकले. नियमभंगाची किंमत ठरलेली होती. ती मोजून सुआरेझने सामना वाचवला. पंच आणि शिक्षा यांची व्यवस्था आली की किंमत मोजून चूक करण्याचा हा व्यवहारही मागोमाग येतो, असा अल्टिमेटच्या जुन्या खेळाडूंचा मुख्य युक्तिवाद आहे. तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही.

न्यू जर्सीतील वाहनतळ

खेळाची सुरुवात मात्र एवढ्या तात्त्विक भूमिकेतून झाली नव्हती. १९६८ मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील मेपलवूड येथील कोलंबिया हायस्कूलच्या जोएल सिल्व्हर या विद्यार्थ्याने हा खेळ शाळेत आणला. तोच पुढे हॉलिवूडचा मोठा निर्माता झाला. शाळेच्या वाहनतळावर मुले हा खेळ खेळत. १९७० मध्ये नियम छापले गेले, आणि त्यांत पंच ठेवण्याची मुभा होती. पंच असेल तर त्याचा शब्द अखेरचा; नसेल तर खेळाडूंनी आपसांत पाहून घ्यावे, असा सरळ व्यवहार. पोरांच्या खेळाला पंच मिळत नसे, म्हणून पंचाविना खेळ. सवयीचे तत्त्व झाले ते नंतर. ६ नोव्हेंबर १९७२ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांत पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला आणि रटगर्सने तो २९-२७ असा जिंकला. त्याच दशकात 'खेळाची भावना' हे कलम नियमावलीत दाखल झाले आणि आज ते तिच्या आरंभीच असते. क्रिकेटच्या नियमावलीत खेळभावनेची प्रस्तावना आली ती २००० मध्ये, हे येथे नोंदवायला हवे.

जागतिक महासंघाने ही भावना मोजण्याचीही सोय केली आहे. सामना संपल्यावर प्रत्येक संघ प्रतिस्पर्धी संघाला पाच बाबींवर गुण देतो : नियमांचे ज्ञान आणि वापर, फाऊल आणि अंगस्पर्श, न्यायबुद्धी, सकारात्मक वृत्ती आणि आत्मसंयम, आणि संवाद. प्रत्येक बाबीला शून्य ते चार गुण. नेहमीसारख्या चांगल्या सामन्यासाठी दोन, म्हणजे एकूण दहा. सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या संघाला स्वतंत्र पारितोषिक मिळते. हरलेला संघ जिंकलेल्याला राग म्हणून कमी गुण देणार नाही काय, ही शंका रास्त आहे. तसे होत नाही असा दावा कोणी करू नये. पण अनेक सामन्यांची सरासरी निघाल्यावर एखाद्याच रागावलेल्या संघाचा परिणाम विरळ होतो आणि सगळेच कमी गुण देत असतील, तर त्या संघाला आरशात पाहावे लागते.

अमेरिकेतच पंचांच्या बाजूने पहिले पाऊल पडले. महाविद्यालयीन आणि क्लब स्पर्धांत पैजा वाढल्या, वाद लांबू लागले आणि 'ऑब्झर्व्हर' म्हणजे निरीक्षक आले. तबकडी सीमेच्या आत की बाहेर, वेळमर्यादा पाळली की नाही, हे निरीक्षक स्वतःहून सांगतात. फाऊलबाबत मात्र खेळाडूंचे एकमत झाले नाही आणि त्यांनी विचारले तरच ते निर्णय देतात. त्यापुढचे पाऊल २०१२ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन अल्टिमेट डिस्क लीग या व्यावसायिक लीगने टाकले. तेथे शिट्टीवाले पंच आले, चुकीला यार्डांचा दंड आला, दहाऐवजी सात सेकंदांची मोजणी आली आणि ती मोजणीही पंचांकडे गेली. २०२४ पासून ही लीग अल्टिमेट फ्रिस्बी असोसिएशन या नावाने ओळखली जाते. प्रेक्षक तिकीट काढून येतात, चित्रवाणीला वेळेचे बंधन असते. दोन खेळाडू मैदानाच्या मध्यभागी उभे राहून एकमेकांना समजावत आहेत हे दृश्य कोणी किती वेळ पाहणार, हा लीगचा रोकडा प्रश्न होता.

तरीही या लीगने एक खिडकी उघडी ठेवली. पंचाचा निर्णय आपल्या बाजूने लागला, पण तो चुकीचा आहे हे खेळाडूला ठाऊक असेल, तर तो स्वतःच तो निर्णय फिरवू शकतो. 'प्रामाणिकपणाचा नियम' असेच त्याला म्हणतात.

वानखेडेवरचा एक निर्णय

या खिडकीचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईकरांनी फार पूर्वी पाहिले आहे आणि तेही क्रिकेटमध्ये. फेब्रुवारी १९८० मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वानखेडे स्टेडियमवर भारत आणि इंग्लंड यांच्यात एकमेव कसोटी झाली. खग्रास सूर्यग्रहणामुळे तीत एक दिवस विश्रांतीचा होता, ही आठवण आजही जुनी माणसे सांगतात. भारताच्या २४२ धावांना उत्तर देताना इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८ अशी झाली. त्यानंतर कपिल देवच्या चेंडूवर यष्टिरक्षक बॉब टेलर झेलबाद असल्याचा निर्णय पंच हनुमंत राव यांनी दिला. चेंडू बॅटीला लागलाच नव्हता असे टेलरचे म्हणणे. पहिल्या स्लिपमध्ये उभे असलेले भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनाही तसेच वाटले. त्यांनी पंचांशी बोलून टेलरला परत बोलावले. पुढे टेलर आणि इयान बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली. बोथमने शतक आणि सामन्यात १३ बळी घेतले आणि भारत दहा गडी राखून हरला. विश्वनाथ यांनी कर्णधार म्हणून खेळलेल्या अवघ्या दोन कसोटींपैकी ही एक.

क्रिकेटच्या नियमांत पंचांच्या संमतीने कर्णधाराला अपील मागे घेता येते. म्हणजे ज्या खेळात पंचाचे बोट अंतिम मानले जाते, तेथेही खेळाडूची जबाबदारी संपत नाही. विश्वनाथ यांना ती घ्यावीशी वाटली. शंभरातील किती कर्णधार घेतील, हे वाचकांनीच ठरवावे.

पण क्रिकेटचाच इतिहास उलट बाजूही दाखवतो. यजमान देशाचेच पंच नेमण्याच्या प्रथेने दशकानुदशके संशय पोसला. पाहुणा संघ हरला की पंचांकडे बोट, जिंकला की मौन. १९८६ मध्ये पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्यातील लाहोर कसोटीत व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर हे दोन भारतीय पंच तटस्थ म्हणून उभे राहिले. १९१२ नंतर प्रथमच कसोटीत तटस्थ पंच आले आणि ते पाकिस्तानात आलेले भारतीय होते, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती. २०२३ मध्ये निधन पावलेले रिपोर्टर आज आठवायचे ते यासाठी, की पंच असणे आणि पंचावर विश्वास असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या नेमणुकीने अधोरेखित केले. पुढे तंत्रज्ञान आले. २००८ मध्ये निर्णय आढावा पद्धतीची पहिली चाचणी झाली आणि सुरुवातीला कडवा विरोध करणाऱ्या भारतीय मंडळाने २०१६ मध्ये ती स्वीकारली. पंचाच्या वर पंच, त्याच्या वर कॅमेरा. वाद कमी झाले; संपले नाहीत.

आपल्या कबड्डीत तर हा पेच अधिकच टोकदार आहे. चढाई करणाऱ्याचे बोट बचावपटूला लागले की नाही, हे पंचांपेक्षा त्या दोघांना नक्की ठाऊक असते. सत्य सांगू शकतील अशी दोन माणसे मैदानात हजर असूनही निर्णय तिसऱ्याला विचारला जातो, आणि प्रो कबड्डीत त्याही पुढे जाऊन संघ चित्रफितीच्या फेरतपासणीची मागणी करतात. अल्टिमेटवाले नेमके येथेच बोट ठेवतात. ज्याला माहीत आहे त्यालाच विचारा, असे त्यांचे म्हणणे. गोल्फमध्ये असे घडते. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या हिरवळीवर काय किंवा जगात अन्यत्र काय, खेळाडू स्वतःचा दंड स्वतः सांगतो आणि सहखेळाडू त्याची गुणपत्रिका तपासतो. मात्र गोल्फमध्ये दोन खेळाडू एकाच चेंडूसाठी हवेत उडी मारत नाहीत. प्रामाणिक असूनही दोघांना दोन वेगळ्या गोष्टी दिसणे, ही अल्टिमेटची खरी अडचण आहे. लबाडी ही त्यामानाने लहान.

बोलणाऱ्याची पोळी

आणखी एक अडचण आहे, आणि मुंबईच्या उपनगरांपुरते बोलायचे तर तीच सर्वांत महत्त्वाची. खेळाडूंनी स्वतः निर्णय करायचा म्हणजे बोलून करायचा. ज्याला नियम पाठ आहेत, ज्याचा आवाज स्थिर आहे, जो अनोळखी माणसापुढे बिचकत नाही, त्याचे म्हणणे सरस ठरते. नियमांची परिभाषा इंग्रजी : फाऊल, कॉन्टेस्ट, ट्रॅव्हल, स्टॉल. महाविद्यालयांतून आणि कार्यालयांतून आलेल्या खेळाडूंत वाद घालण्याची भाषाही बहुधा इंग्रजीच. अशा संघासमोर मराठी शाळेतील चौदा-पंधरा वर्षांची मुलगी उभी राहिली आणि तिला स्पष्ट धक्का लागला, तर ती हात वर करून खेळ थांबवेल काय? थांबवला आणि समोरच्या पंचवीस वर्षांच्या खेळाडूने नियमाचे कलम सांगितले, तर ती 'मला मान्य नाही' असे म्हणेल काय? मुले आणि मुली एकाच संघात खेळतात, हा या खेळाचा मोठा गुण मानला जातो. पण त्या संघात बोलण्याचा हक्क सर्वांना सारखा मिळतो की नाही, ही त्या गुणाची कसोटी आहे.

मैदानी क्रिकेटमधील पंचाकडे या नजरेने पाहिले की त्याचे एक वेगळे काम दिसते. तो लबाडी पकडतो हे खरे, पण त्याहून जास्त म्हणजे तो खेळाडूला वाद घालण्यापासून मोकळे करतो. चाळीतला मुलगा असो की क्लबमधला, अपील दोघांचे सारखेच एका शब्दाचे, आणि बोटही सारखेच वर जाते. कांगा लीगपासून शालेय स्पर्धांपर्यंत मुंबईच्या क्रिकेटने सर्व थरांतील मुले वर आणली, त्यात या व्यवस्थेचाही वाटा आहे असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते.

मग उपनगरांतील अल्टिमेटने पंच नेमावेत काय? व्यवहार पाहता ते कठीण आहे. पंच म्हणजे प्रशिक्षण, मानधन आणि प्रवास. सात-सात खेळाडूंच्या, १०० मीटरच्या सामन्याला एक पंच पुरत नाही, आणि अर्धवट प्रशिक्षित पंच हा पंच नसण्यापेक्षा वाईट. शिवाय पंच आल्याबरोबर खेळाडू आपली जबाबदारी त्याच्या खांद्यावर टाकून मोकळे होतात, हा अनुभव सर्वच खेळांचा आहे. तेव्हा मधला मार्ग उरतो, आणि जागतिक महासंघाने तो आखून दिला आहे. महासंघाच्या मोठ्या स्पर्धांत 'गेम ॲडव्हायझर' म्हणजे सल्लागार मैदानालगत असतात. ते निर्णय देत नाहीत. खेळाडूंनी विचारले तर आपल्याला काय दिसले ते सांगतात, नियम समजावतात, वेळेची आठवण देतात. अखेरचा शब्द खेळाडूंचाच राहतो. त्याच्या जोडीला खेळाडूंसाठी नियमांची ऑनलाइन परीक्षा आहे. महासंघाच्या स्पर्धांत उतरण्यापूर्वी ती उत्तीर्ण व्हावी लागते. आणि ठरावीक हस्तसंकेत आहेत, ज्यांमुळे फाऊल, हरकत, मान्य, सीमेबाहेर हे सारे न बोलताही सांगता येते.

स्थानिक आयोजकांनी यांतील हस्तसंकेत सर्वांत आधी उचलावेत. ते शिकायला एक सकाळ पुरते, आणि बुजऱ्या खेळाडूच्या हाती ते पहिले शस्त्र देतात. नियम मराठीतून आणि हिंदीतून समजावणे हे दुसरे काम. काठावर बसलेल्या पालकांनाही एक सूचना आवश्यक : बाहेरून निर्णय ओरडून सांगण्यास या खेळात मनाई आहे. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला हे सर्वांत जड जाईल.

मोठ्या व्यासपीठाचा मोह मात्र जुन्या पद्धतीवर दबाव आणतच राहणार. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१५ मध्ये फ्लाइंग डिस्क महासंघाला पूर्ण मान्यता दिली. २००१ पासून जागतिक क्रीडा स्पर्धांत अल्टिमेट पदकासाठी खेळला जातो, तोही पंचाविना. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच समितीचे अधिवेशन मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात भरले. तेथे २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी क्रिकेट, स्क्वॉश, बेसबॉल-सॉफ्टबॉल, फ्लॅग फुटबॉल आणि लॅक्रोस या पाच खेळांना प्रवेश मिळाला. तबकडीच्या खेळाचे नाव त्या यादीत नव्हते. पंच नाहीत म्हणून ते नव्हते असे म्हणण्यास आधार नाही. यजमान शहराची निवड, प्रेक्षकसंख्या आणि चित्रवाणीचे गणित यांचा त्यात मोठा भाग असतो. पण ऑलिम्पिकचे सुवर्ण पणाला लागलेले असताना खेळाडू एकमेकांना 'धक्का माझाच होता' असे सांगतील काय, हा प्रश्न महासंघाला प्रत्येक वेळी विचारला जातो, आणि त्याचे उत्तर नियमावलीत मिळत नाही.

तूर्त तरी सामना संपल्यावर दोन्ही संघ एक आड एक असे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून वर्तुळात उभे राहतात. कोणते निर्णय पटले, कोणते पटले नाहीत, हे तेथे प्रतिस्पर्ध्यांसमोरच सांगायचे असते. त्यानंतर प्रत्येक संघाचा एक खेळाडू पाच रकान्यांचा कागद घेऊन बाजूला बसतो, आणि तो भरून होईपर्यंत बाकीचे पाण्याच्या बाटल्या गोळा करतात.